व्यक्त आणि अव्यक्त : पाटणपासून कुंभकोणमपर्यंत

दहावीच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत वर्तुळ, शंकू किंवा वृत्तचिती यांवरचे उदाहरण आले की त्याच्या शेवटी कंसात एक लहानशी सूचना असे : 'पाय = २२/७ घ्या', किंवा 'पाय = ३.१४ घ्या'. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक पिढीने ही सूचना वाचली आहे, तिच्याप्रमाणे गुणाकार-भागाकार केले आहेत आणि गुण मिळवून ती विसरूनही गेली आहे. पण क्षणभर थांबून पाहिले तर ही सूचना चमत्कारिक आहे. २२/७ चा दशांश ३.१४२८ असा सुरू होतो. म्हणजे २२/७ आणि ३.१४ या दोन संख्या परस्परांशीच समान नाहीत. मग त्या दोन्ही एकाच राशीशी समान कशा असतील? उत्तर 'घ्या' या क्रियापदात आहे. प्रश्नकर्त्याने 'आहे' म्हटलेले नाही, 'घ्या' म्हटले आहे. मध्ये उभे असलेले बरोबरीचे चिन्ह मात्र 'आहे' असेच सांगत राहते.

'आहे' आणि 'घ्या' यांतील हे अंतर म्हणजे गणिताच्या इतिहासातील एक फार जुना प्रश्न आहे. एखाद्या राशीला तिच्या नावानेच वागवायचे, की तिची किंमत काढून तो आकडा पुढे चालवायचा? आज महाविद्यालयात गेलेला आपला विद्यार्थी संगणकीय बीजगणिताची प्रणाली उघडतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याची गाठ याच प्रश्नाशी पडते. त्याला आकडा हवा असतो आणि यंत्र वर्गमूळ तसेच ठेवून देते. किंवा त्याला नेमके उत्तर हवे असते आणि यंत्र सोळा अंकी दशांश समोर टाकते. त्याला वाटते, यंत्र बिघडले. यंत्र बिघडलेले नसते. विचारणाऱ्याने काय विचारले, हे त्याचे त्यालाच स्पष्ट नसते. शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने, पाटीपासून संगणकापर्यंत आलेल्या आपल्या सर्वांसाठी, या भेदाचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

या भेदाला आपल्या परंपरेत स्वतंत्र नावे आहेत, ही अभिमानाची गोष्ट. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला. त्याच्या 'लीलावती' या भागात ज्ञात संख्यांचे गणित आहे. ते व्यक्त गणित. 'बीजगणित' या भागात अज्ञात राशींचे गणित आहे. ते अव्यक्त गणित. अज्ञातांना त्यांनी 'यावत्तावत्' म्हटले आणि एकाहून अधिक अज्ञात आले तेव्हा कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला. त्याची नोंद करणारा इ. स. १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

त्याच 'बीजगणिता'त करणींचे, म्हणजे ज्यांचे वर्गमूळ पूर्ण निघत नाही अशा राशींचे, गणित आहे. त्यातील द्विकरणी आणि अष्टकरणी यांच्या बेरजेचे उदाहरण आपल्या विषयाचे मर्म दाखवते. √२ आणि √८ यांची बेरीज √१८ येते. ज्याला पडताळायचे असेल त्याने √८ म्हणजे दोन वेळा √२ आणि √१८ म्हणजे तीन वेळा √२ हे ध्यानात घ्यावे. एक आणि दोन मिळून तीन. यात कोठेही आकड्याचा दशांश काढावा लागला नाही. आता हेच गणित व्यक्त मार्गाने, तीन दशांश स्थळांपर्यंत करून पाहू. √२ म्हणजे १.४१४, √८ म्हणजे २.८२८; बेरीज ४.२४२. पण √१८ स्वतंत्रपणे काढले तर ४.२४३ येते. दोन्ही आकडेमोडी बिनचूक आहेत, आणि तरी उत्तरे जुळत नाहीत. वर्गमूळ काढण्याची घाई केली तेथेच लहानशी तूट पडली. करणीला करणीच ठेवणारा गणिती ही तूट येऊच देत नाही.

याचा अर्थ आपल्या पूर्वसूरींनी आकड्यांना कमी लेखले असा नाही. व्यवहाराला आकडाच लागतो. 'लीलावती'त परिघाचे व्यासाशी गुणोत्तर दोन प्रकारे दिले आहे : ३९२७/१२५० हे सूक्ष्म आणि २२/७ हे स्थूल. प्रश्नपत्रिकेतल्या कंसात जे राहून जाते ते येथे स्वच्छ सांगितले आहे. त्याआधी आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, पण त्याला 'आसन्न', म्हणजे जवळचा, हे विशेषण लावले. पुढे केरळातील नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) यांनी या एका शब्दावर भाष्य करताना सांगितले, की ज्या मापाने व्यास नि:शेष मोजला जातो त्या मापाने परीघ नि:शेष मोजला जात नाही. शिल्लक कितीही लहान करता येईल, पण शून्य करता येणार नाही. त्याच परंपरेतील माधवांनी नऊ निखर्व व्यासाच्या, म्हणजे नवावर अकरा शून्ये इतक्या व्यासाच्या, वर्तुळाचा परीघ २८२७४३३३८८२३३ सांगितला. त्यातून पायचे दशांशानंतरचे अकरा अंक बरोबर मिळतात. पाय ही अपरिमेय संख्या आहे याची सिद्धता युरोपात लँबर्ट यांनी १७६१ साली दिली.

व्यक्त आणि अव्यक्त यांचे नाते किती फसवे आणि तितकेच फलदायी असू शकते, हे ज्याच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसते तो गणिती कावेरीकाठी वाढला. त्याच्या गावाकडे जाण्याआधी वाटेतल्या एका खेड्यात थोडे थांबू, कारण तेथील एका गोष्टीकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

कुंभकोणमच्या पश्चिमेस, स्वामीमलैजवळ, तिरुवलंचुळी हे खेडे आहे. नावाचा अर्थ उजवीकडे वळणारा भोवरा. येथे कावेरीचा प्रवाह उजवे वळण घेतो, अशी स्थळकथा आहे. कपर्दीश्वराचे हे चोळकालीन क्षेत्र भाविकांना ठाऊक आहे ते श्वेतविनायकामुळे. ही पांढरी गणेशमूर्ती समुद्रमंथनाच्या वेळच्या फेसाची आहे अशी श्रद्धा असल्याने तिच्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही. भीमसेनी कापराची पूड वाहतात. देवळातील दगडी जाळीचे काम इतके अवघड, की तमिळ स्थपती मंदिराच्या कामाचा करार करताना काही मोजक्या गोष्टी वगळून बाकी काहीही घडवून देऊ असे लिहीत, आणि त्या वगळलेल्या गोष्टींत तिरुवलंचुळीची जाळी असे, असे परंपरेने सांगतात. आपली कारागिरी कोठपर्यंत पोचते हे काम हाती घेण्याआधीच सांगण्याची ही रीत लक्षात ठेवावी.

हा प्रदेश मराठी माणसाला परका नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसले घराण्याचे राज्य होते आणि त्या काळात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आजही कावेरीच्या खोऱ्यात आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलतात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमच्या अशाच एका मराठी घरात झाला. राज्यकारभारात शिरण्यापूर्वी त्यांनी मद्रासला काही काळ गणित शिकवले होते.

त्याच कुंभकोणमात, सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या एका लहान घरात, श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. टाउन हायस्कूलमधून १९०४ मध्ये ते शिष्यवृत्ती मिळवून बाहेर पडले, पण सरकारी महाविद्यालयात गणितापलीकडच्या विषयांत त्यांचे मन रमेना आणि शिष्यवृत्ती गेली. कागद महाग होता. म्हणून ते पाटीवर आकडेमोड करीत, कोपराने पुसून टाकीत आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवीत. पाटीवरचे व्यक्त गणित असे पुसले गेले आणि वहीत अव्यक्त सूत्रे उरली. त्यांचे पहिले लेखन १९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आले. १९०७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे ग्रंथालय तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. त्यांच्या वह्यांची छायाप्रत १९५७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांच्या कार्याच्या जतनात महाराष्ट्राचा असा वाटा आहे.

१९१४ साली रामानुजन यांचा पायच्या आसन्न किमतींवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात काही विलक्षण आकडे आहेत. नैसर्गिक लॉगॅरिदमचा पाया असलेली 'ई' ही संख्या (२.७१८…) घ्यावी आणि तिचा घात 'पाय गुणिले √५८' इतका करावा. या तीन राशींपैकी एकही पूर्णांक नाही, परिमेयही नाही. तरीही उत्तर येते २४५९१२५७७५१.९९९९९९८२…, म्हणजे जवळजवळ पूर्णांक. ५८ च्या जागी १६३ घेतले तर हा चमत्कार शिगेला पोचतो. त्या संख्येकडे फ्रेंच गणिती एर्मीत यांचे लक्ष १८५९ मध्येच गेले होते. तिचा पूर्णांकी भाग अठरा अंकी आहे. आणि दशांश चिन्हापुढे सलग बारा नऊ येतात.

आता ही संख्या यंत्राला विचारून पाहा. नेहमीच्या संगणकीय पद्धतीत एका संख्येसाठी चौसष्ट बिट असतात आणि त्यांत साधारण पंधरा ते सतरा सार्थ अंक मावतात. एवढ्या मोठ्या संख्यांच्या प्रदेशात त्या पद्धतीला शेजारी-शेजारी दिसणाऱ्या दोन संख्यांत ३२ चे अंतर असते. मग अपूर्णांकाचा भाग दिसणार कसा? यंत्र एक पूर्णांक दाखवते, आणि त्याचे शेवटचे अंकही विश्वासार्ह नसतात. अधिक अंकांची सोय असलेल्या प्रणालीकडे एकोणतीस अंक मागितले, तर उत्तर येते २६२५३७४१२६४०७६८७४४ आणि पुढे दशांशात अकरा शून्ये. पाहणारा म्हणेल, हा पूर्णांक आहे. तिसावा अंक मागितला की चित्र पालटते : …७४३ आणि पुढे बारा नऊ. एका अंकाच्या फरकाने 'आहे' चे 'नाही' झाले.

अमेरिकेतील लोकप्रिय लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या एप्रिल महिन्यात आपल्या सदरात ही संख्या नेमका पूर्णांक असल्याचे सिद्ध झाले, अशी बातमी दिली आणि तसे अनुमान रामानुजन यांचे होते असेही लिहिले. तो 'एप्रिल फूल' होता. रामानुजन यांनी असे कोठेही म्हटलेले नाही. त्यांचा शब्द 'जवळ' असाच होता. या थट्टेला उत्तर द्यायला तिसावा अंक लागतही नाही. रशियन गणिती गेलफाँड यांनी १९२९ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयावरून ही संख्या पूर्णांक तर नाहीच, पण पूर्णांकी सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे मूळही नाही. हे उत्तर अव्यक्त मार्गाने मिळाले, एकही दशांश न काढता. जवळिकीचे कारणही त्याच मार्गाने कळते. ६४०३२० या संख्येचा घन २६२५३७४१२६४०७६८००० होतो. त्यात ७४४ मिळवले की तो फसवा पूर्णांक तयार होतो. ६४०३२० आणि ७४४ या दोन्ही संख्या १६३ शी संबंधित असलेल्या एका गहन सिद्धांतातून येतात. तेव्हा जवळीक हा योगायोग नव्हता, पण ती समानताही नव्हती.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की आकड्यांवर विश्वासच ठेवू नये. रामानुजन यांच्याच दुसऱ्या कामाने हा निष्कर्ष खोडून निघतो. एखादी संख्या लहान संख्यांच्या बेरजेत किती प्रकारे मांडता येते, याला तिची विभाजनसंख्या म्हणतात. चारची विभाजने पाच : ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. मोठ्या संख्यांसाठी ही गणती झपाट्याने वाढते. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये तिचे एक सूत्र दिले. ते सूत्र पाय आणि वर्गमुळे यांनी भरलेले, दिसायला पूर्णांकाशी काहीही संबंध नसलेले. २०० ची विभाजनसंख्या मॅकमॅहन यांनी हाताने मोजली होती : ३९,७२,९९,९०,२९,३८८. सूत्राची पहिली आठ पदे घेऊन उत्तर आले त्याच संख्येपुढे .००४ एवढा शेष ठेवून. येथे आसन्न आकड्यातून नेमके उत्तर हाती येते. कारण उत्तर पूर्णांकच असणार हे आधीपासून ठाऊक असते, आणि चूक अर्ध्याहून लहान आहे अशी हमी मिळाली की सर्वांत जवळचा पूर्णांक हेच उत्तर ठरते. अशी हमी देण्याजोगे, पूर्णपणे अभिसारी सूत्र राडेमाखर यांनी १९३७ मध्ये दिले.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की या सर्व इतिहासाचे सार दिसते. १६३ च्या संख्येत जवळीक विभाजनाच्या उदाहरणाहून कितीतरी अधिक होती, पण पूर्णांकत्वाची कोणतीही हमी नव्हती. म्हणून ती जवळीक काहीच सिद्ध करत नव्हती. विभाजनसंख्येत जवळीक तेवढी मोठी नव्हती, पण अव्यक्ताने दिलेला आधार होता. म्हणून ती पुरेशी होती. आकडा किती जवळ आला यापेक्षा त्याच्यामागे कोणती हमी उभी आहे हे महत्त्वाचे. स्वत: रामानुजनही या परीक्षेत एकदा चुकले. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी हार्डींना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रव्यवहारात मूळसंख्यांच्या मोजणीविषयी जी विधाने होती ती लहान संख्यांपुरती सुरेख जुळत, पण एकंदरीत खरी नव्हती. मूळसंख्यांच्या बाबतीत आकड्यांवरून दिसणारी प्रवृत्ती पुढे किती फसवते, हे लिटलवुड यांनी १९१४ मध्ये सिद्ध केले. थोरांचीही फसगत होते, हे विद्यार्थ्याला धीर देणारे आहे.

यंत्रांचा इतिहास हाच भेद पुन्हा एकदा जगला. सुरुवातीचे संगणक केवळ व्यक्त गणित करीत. सूत्रांवर सूत्र म्हणून काम करण्याचे, म्हणजे विकलन यंत्राकडून करून घेण्याचे, पहिले प्रयत्न अमेरिकेत १९५३ मध्ये दोन स्वतंत्र प्रबंधांतून झाले. १९६३ मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ व्हेल्टमन यांनी कणभौतिकीतील लांबलचक सूत्रे हाताळण्यासाठी 'स्कूनशिप' ही प्रणाली लिहिली. त्यांना पुढे १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६८ मध्ये एमआयटीत 'मॅक्सिमा'ची उभारणी सुरू झाली. जवळजवळ त्याच उच्चाराच्या नावाने तिची वंशज आज कोणालाही विनामूल्य मिळते. नंतर 'मेपल', 'मॅथमॅटिका' (१९८८), 'सेज', 'सिंपाय' आल्या. रामानुजन यांच्या १९१४ च्या निबंधात पायची एक अनंत श्रेणी होती, जिचे प्रत्येक पद सुमारे आठ नवे अंक देते. १९८५ मध्ये गॉस्पर यांनी तीच श्रेणी यंत्रावर चालवून पायचे पावणेदोन कोटींहून अधिक अंक काढले. त्या वेळी श्रेणीची पूर्ण सिद्धता उपलब्ध नव्हती. वेगळ्या मार्गाने आधी काढलेल्या अंकांशी उत्तर जुळले, हाच तोवर आधार होता. सिद्धता बोरवेइन बंधूंनी १९८७ मध्ये दिली. पाटीवरून पुसलेले गणित असे सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा लिहिले गेले. आणि आज पायचे विक्रम ज्या चुडनोव्हस्की बंधूंच्या श्रेणीने होतात तिच्या छेदात बसलेली संख्या आहे ६४०३२०. १६३ च्या गोष्टीतली तीच.

हा भेद केवळ विद्वानांच्या कौतुकाचा नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दहरान येथे एक क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या निवासावर पडले आणि २८ जण मृत्युमुखी पडले. ते अडवण्यासाठी ठेवलेली यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होती. एक दशांश ही राशी माणसाला सोपी वाटते. पण द्विमान पद्धतीत, एक तृतीयांशाचे दशमान रूप संपत नाही तसे, एक दशांशाचे रूप संपत नाही. चोवीस बिटांवर ते तोडले गेले. प्रत्येक दशांश सेकंदामागे तूट एका सेकंदाच्या कोट्यंशाहूनही अंमळ कमी होती. यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू होती. तेवढ्यात ही तूट साचून सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढी झाली, आणि तेवढ्या अवधीत क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे गेले होते. १/१० हे अव्यक्त रूपात जपले असते, म्हणजे दशांशांची मोजणी पूर्णांकात ठेवून भागाकार शेवटी आणि पुरेशा अंकांनी केला असता, तर तूट साचली नसती.

म्हणून घरी संगणकावर गणित करणाऱ्या मुलाने 'उत्तर विचित्र येते' अशी तक्रार केली, तर काही प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला : आत काय घातले? १/३ हा अपूर्णांक म्हणून घातला की ०.३३३३ म्हणून? दुधाच्या भांड्यात विरजणाचा एक थेंब पडला की सारे दूध दही होते, तसा पदावलीत एक दशांश शिरला की बहुतेक प्रणाली सगळे गणित दशांशांत करू लागतात. आणि दह्याचे पुन्हा दूध होत नाही. ०.१ हा आकडा साध्या दशांशाच्या रूपाने आत गेल्यावर त्याचे तीस अंक मागितले तर यंत्र ०.१००००००००००००००००५५५१… असे काही दाखवते. तो बिघाड नाही. जे तुटके रूप साठवले गेले होते, तेच आता स्पष्ट दिसले. अधिक अंक मागितल्याने गेलेली अचूकता परत येत नाही. ती सुरुवातीपासून राखावी लागते.

दुसरा प्रश्न : आकडा मागितला का? √८ घातल्यावर प्रणालीने २√२ दिले तर तिने भास्कराचार्यांचीच रीत पाळली. दशांश हवा असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते, आणि किती अंक हवेत तेही. पदावलीतील एखाद्या अक्षराला किंमतच दिलेली नसेल, तर मागूनही आकडा येणार नाही. अव्यक्ताला व्यक्त करायला काहीतरी व्यक्त हाती असावे लागते.

तिसरा प्रश्न शून्याचा. √२ चा वर्ग करून त्यातून २ वजा केले, तर साध्या दशांश गणितात शून्य येत नाही. दशांश चिन्हापुढे पंधरा शून्ये आणि मग ४ असा शेष उरतो. त्या शेषाला खरा मानून पुढे भागाकार केला तर अनर्थ होतो. अशा वेळी अंक वाढवत जावे. अंक वाढतील तसा शेष लहान-लहान होत गेला, तर बहुधा ते शून्य असते. एका ठिकाणी येऊन थांबला, जसा १६३ च्या संख्येत थांबतो, तर ते शून्य नसते. 'बहुधा' हा शब्द मात्र सोडू नये. खात्री हवी असेल तर पदावली अव्यक्त रूपात सोपी करून पाहावी. तेथेही सर्वज्ञता नाही : रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केले, की नेहमीची फलने वापरून लिहिलेली कोणतीही पदावली शून्य आहे की नाही हे ठरवणारी एकच सर्वसामान्य यांत्रिक रीत असूच शकत नाही. यंत्र कितीही वेगवान झाले तरी शेवटचा विचार माणसालाच करावा लागणार, हे गणितानेच सांगून ठेवले आहे.

पालकांनी यातून काय घ्यावे? मुलांच्या हातात आज असा संच आहे, की प्रश्न टाकताच दशांशात उत्तर येते आणि ते उत्तर पूर्ण आत्मविश्वासाने येते. त्या उत्तराला विचारण्याचा प्रश्न एकच : किती अंकांपर्यंत खरे, आणि कशाच्या आधारावर? फळ्यावर 'उत्तर पायमध्येच ठेवा, किंमत शेवटी घाला' असे सांगणाऱ्या आपल्या शिक्षकांनी हेच शिकवले होते. त्या वेळी ती शिस्त केवळ वेळ वाचवणारी वाटली. आज ती प्रामाणिकपणाची शिस्त होती हे कळते. वहीत जेथे आकडा नेमका नसेल तेथे बरोबरीच्या चिन्हाऐवजी 'सुमारे'चे चिन्ह घालण्याची सवय मुलांना लावली, तर आर्यभटांच्या 'आसन्न' या शब्दाशी त्यांची ओळख होईल.

कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील रामानुजन यांचे घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. दक्षिणेच्या यात्रेला जाणाऱ्यांनी ते पाहावे, आणि स्वामीमलैकडे जाताना तिरुवलंचुळीला थांबून श्वेतविनायकासोबत ती दगडी जाळीही पाहावी. करार लिहिताना स्थपतींनी ती वगळली म्हणून त्यांची कला उणी ठरली नाही. आपला शब्द कोठवर टिकतो हे त्यांनी आधी सांगितले, म्हणूनच त्या मर्यादेच्या आत त्यांच्या शब्दावर विसंबता आले. आकड्यांचेही तसेच आहे.